न्यायमूर्ती तेलंग यांचे भिन्नमत

गोमंतकातून निघून कारवार, बेळगाव, मालवण किंवा मुंबई येथे स्थायिक झालेल्या आमच्या समाजातील जुन्या घरांत, देवघराजवळच्या पेटीत जपून ठेवलेली एक वस्तू बहुधा सापडते. ती म्हणजे वाटणीपत्र. घर कोणाचे, माड किती व कोणाचे, विहिरीच्या पाण्यावर हक्क कोणाचा, देवाच्या सेवेची पाळी कोणत्या शाखेकडे, हे सर्व त्यात नमूद असते. त्या कागदाने भावाभावांतील अनेक भांडणे मिटविली आणि काही नवी उत्पन्नही केली. परंतु वाटणी मागण्याचा अधिकार मुळात कोणाला आहे, हा प्रश्न त्या कागदावर सुटत नाही. बाप आपल्या भावांशी एकत्र राहू इच्छितो आणि मुलगा वेगळा होऊ पाहतो, तर मुलाला तसे होता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधीत आमच्या आधीच्या पिढ्या ज्या न्यायासनापुढे गेल्या, त्या न्यायासनावर सुमारे चार वर्षे आमच्याच समाजातील एक थोर पुरुष बसला होता. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्या त्या अल्प कारकीर्दीचा आणि तीत त्यांनी लिहिलेल्या एका भिन्नमताचा परिचय करून देण्याचा आमचा हेतू आहे.

काशिनाथपंतांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे जनक पिता बापू रामचंद्र. पण चुलते त्रिंबक रामचंद्र यांनी त्यांना दत्तक घेतल्यामुळे ते काशिनाथ त्रिंबक या नावाने प्रसिद्ध झाले. एकत्र कुटुंब, दत्तकविधान, वारसा हे विषय त्यांना केवळ पुस्तकांतून भेटले नव्हते. त्यांच्या नावातच त्यांची खूण होती. एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण घेऊन ते एम. ए. व एलएल. बी. झाले आणि १८७२ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात अॅडव्होकेट म्हणून वकिली करू लागले.

या काळातील त्यांच्या व्यासंगाकडे पाहिले म्हणजे मन थक्क होते. रामायण हे होमरच्या काव्यावरून रचले गेले असावे, असा तर्क वेबर या जर्मन पंडिताने मांडला होता. त्याला तेलंगांनी १८७३ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, सप्रमाण उत्तर दिले. भगवद्गीतेवर ख्रिस्ती धर्मग्रंथांची छाया आहे, या लॉरिन्सर यांच्या मताचे खंडन त्यांनी १८७५ मध्ये आपल्या गीतेच्या पद्यमय इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत केले. पुढे मॅक्समुल्लर यांच्या ‘पौर्वात्य पवित्र ग्रंथ’ मालेच्या आठव्या खंडात, १८८२ मध्ये, गीता, सनत्सुजातीय व अनुगीता यांचे त्यांनी केलेले गद्य भाषांतर प्रसिद्ध झाले. भर्तृहरीची नीतिशतक व वैराग्यशतक ही काव्ये आणि विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ यांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या विद्वानांना प्रमाण वाटत. लेसिंगचे नाटक त्यांनी ‘शहाणा नेथन’ या नावाने मराठीत आणले. संस्कृत ग्रंथ वाचताना पाठभेद तपासायचे, पूर्वापर संदर्भ पाहायचा आणि कोणाच्याही मोठेपणाने दिपून न जाता आपले मत मांडायचे, ही त्यांची शिस्त होती. न्यायासनावर बसताना त्यांनी हीच शिस्त बरोबर नेली.

सार्वजनिक कार्यातही ते मागे नव्हते. १८८२ च्या शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. १८८४ पासून मुंबईच्या कायदेमंडळात होते. आणि १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह मुंबई प्रांतिक संघाची स्थापना करण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यातही ते होते. १८८९ मध्ये न्यायमूर्ती नानाभाई हरिदास निवर्तले. मुंबई उच्च न्यायालयाचे ते पहिले हिंदी न्यायाधीश. त्यांच्या जागी चाळिशीही न गाठलेल्या तेलंगांची नेमणूक झाली. राजकारणाचे व्यासपीठ त्यांना सोडावे लागले.

ज्या न्यायालयात ते गेले त्याची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. जुने सुप्रीम कोर्ट व सदर अदालत यांच्या जागी १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. मुंबई शहरातील दाव्यांचे काम तेथे मुळापासून चाले. आणि गुजरात, महाराष्ट्र, कोकण, बेळगाव, धारवाड, कारवार या जिल्ह्यांतील दाव्यांची अपिले तेथे येत. हिंदूंच्या वारसा, दत्तक, वाटणी व देवस्थान यांच्या तंट्यांत हिंदूंचे धर्मशास्त्र लावावे असा दंडक होता. आरंभी न्यायालयांना शास्त्री नेमून दिलेले असत आणि न्यायाधीश त्यांचे मत विचारीत. १८६४ मध्ये ही पद्धत बंद झाली. त्यानंतर इंग्रज न्यायाधीश कोलब्रुकने १८१० मध्ये केलेले मिताक्षरेचे भाषांतर, बोराडेलने १८२७ मध्ये केलेले व्यवहारमयूखाचे भाषांतर आणि आधीच्या निवाड्यांचे संग्रह यांवर भिस्त ठेवू लागले. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये याज्ञवल्क्यस्मृती व मयूख यांची नवी आवृत्ती व भाषांतर प्रसिद्ध करून मोठी उणीव भरून काढली, तरी न्यायासनावर बसून मूळ वचन मूळ भाषेत स्वतः वाचणारा आणि त्यावर अधिकाराने बोलणारा पुरुष दुर्मिळच होता.

ज्या दोन ग्रंथांभोवती हे सारे फिरत होते ते दोन्ही आमच्याच भूमीशी संबद्ध आहेत. मिताक्षराकार विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाला होता. ती कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मयूखकार नीलकंठभट्ट हा काशीत राहणारा, सतराव्या शतकातला; पण त्याचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. महाराष्ट्र व दक्षिणेकडील जिल्ह्यांत मिताक्षरा वरिष्ठ आणि गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूख वरिष्ठ, अशी या न्यायालयाने वाटणी केली होती. ‘आपल्या घराला कोणता ग्रंथ लागतो’ हा प्रश्न त्यामुळे केवळ पंडितांचा राहिला नव्हता. त्यावर विधवेची भाकरी व मुलीचे दागिने अवलंबून असत.

याचे एक उदाहरण देतो. मणिलाल रेवादत्त विरुद्ध बाई रेवा या खटल्यात, १८९२ मध्ये, स्त्रीच्या मालमत्तेचा वारसा मयूखाप्रमाणे कसा चालतो हा प्रश्न तेलंगांपुढे आला. नीलकंठाने स्त्रीधनाचे दोन वर्ग केले आहेत. विवाहसमयी मिळालेले, आप्तांनी प्रेमाने दिलेले, असे ज्याला शास्त्राने नाव देऊन सांगितले ते पारिभाषिक स्त्रीधन. त्याच्या वारसात मुलीचे स्थान मोठे. वारशाने वगैरे स्त्रीकडे आलेले ते अपारिभाषिक. ते मात्र मुलीच्या आधी मुलाकडे जाते. हा भेद तेलंगांनी मूळ ग्रंथाची संगती लावून स्पष्ट केला, आणि पुढे कितीतरी वर्षे मुंबई इलाख्यात या विषयावर त्यांच्या निकालाचा आधार घेतला जाई. येथे निकाल मुलीच्या बाजूने झुकत नाही, हेही लक्षात घ्यावे. आपल्याला जे आवडते ते शास्त्रात नसेल तर ते शास्त्राच्या तोंडी घालायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. म्हणूनच जेथे ते शास्त्राच्या नावाने रूढ मताविरुद्ध उभे राहिले, तेथे त्यांच्या शब्दाला वजन आहे.

तसा प्रसंग अपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या खटल्यात आला. सर चार्ल्स सार्जंट हे त्या वेळी मुख्य न्यायमूर्ती होते. हा खटला पूर्णपीठापुढे चालला आणि १८९२ सालच्या निकालसंग्रहात छापला गेला. प्रश्न आम्ही आरंभी सांगितला तोच. बाप आपल्या बापाशी, भावांशी किंवा इतर दायादांशी एकत्र आहे. वाटणीला त्याची संमती नाही. अशा वेळी मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेतील आपला वाटा दाव्याने मागता येईल काय? बहुमताने उत्तर दिले, येणार नाही. बाप व मुलगा हे दोघेच असते तर गोष्ट वेगळी. पण बाप इतरांशी एकत्र असताना त्याच्या संमतीवाचून मुलाला एकत्र कुटुंब फोडता येणार नाही, असा तो निर्णय होता.

तेलंग एकटे या निर्णयाच्या विरुद्ध गेले. त्यांच्या मताचे मूळ मिताक्षरेच्या पायाभूत सिद्धांतात आहे. आजोबांनी मिळविलेल्या संपत्तीवर बाप व मुलगा यांचे स्वामित्व सारखे आहे असे याज्ञवल्क्याने सांगितले; आणि विज्ञानेश्वराने त्यावर भाष्य करताना हे स्वामित्व जन्मानेच उत्पन्न होते असे ठरवून, बापाची इच्छा नसतानाही आजोबांच्या संपत्तीची वाटणी पुत्राच्या इच्छेने होते असे स्पष्ट म्हटले. बंगालच्या दायभागाप्रमाणे बापाच्या मृत्यूनंतर पुत्राचा हक्क उत्पन्न होतो. मिताक्षरेत तसे नाही. मग जो हक्क जन्माने मिळाला, जो बापाने दिलेला नाही, तो वापरण्यास बापाची परवानगी कशाला हवी? बाप एकटा असला तर हक्क आहे आणि बापाला भाऊ असले तर तो नाही, हा भेद कोणत्या वचनातून निघतो? असे या भिन्नमताचे मर्म आहे.

वाचकांपैकी काहींना येथे अडखळल्यासारखे होईल, हे आम्ही जाणतो. एकत्र कुटुंब हा आपल्या धर्माचा आधार, देवघराचा आश्रय. मग ते मोडण्याचा अधिकार तरुण मुलाच्या हाती देणारा हा सारस्वत न्यायाधीश परंपरेचा अभिमानी कसा म्हणावा? ही शंका उपेक्षणीय नाही. पण तेलंगांनी कुटुंब मोडा असे कोठेही सांगितले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, कुटुंबाची एकी ज्या शास्त्राच्या नावाने टिकवायची, त्या शास्त्राने मुलाला दिलेले स्थान काढून घेता येणार नाही. मुलगा बापाच्या कृपेचा आश्रित नाही, तो जन्मापासून भागीदार आहे. आणि भागीदार म्हणून तो राहतो तेव्हाच त्याच्या राहण्याला अर्थ आहे. परंपरेत बंधन जेवढे आहे तेवढाच हक्कही आहे, आणि परंपरेची बाजू घेणाऱ्याने दोन्ही वाचावीत, हा या भिन्नमताचा आमच्यासाठी बोध आहे.

आता एका अवघड गोष्टीकडे वळणे प्राप्त आहे. ती टाळून तेलंगांचे चरित्र सांगणे हे त्यांच्याच शिस्तीला सोडून होईल. १८८५ मध्ये, वकील असताना, ते रखमाबाईंच्या प्रसिद्ध खटल्यात त्यांच्या बाजूने उभे होते. बालपणी लग्न झालेल्या व नवऱ्याकडे नांदण्यास जाण्यास नकार देणाऱ्या या स्त्रीवर नवऱ्याने दावा लावला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. पुढे अपिलात तो निकाल फिरला. १८९१ च्या संमतिवयाच्या वादातही तेलंग कायद्याच्या बाजूने होते. मराठी बखरींचा अभ्यास करून त्यांनी जो निबंध लिहिला आणि जो पुढे १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या मराठी सत्तेच्या इतिहासग्रंथाला जोडला गेला, त्यात मराठेशाहीतील राजसत्ता धर्म व आचार यांच्या प्रश्नांत निर्णय देत असे, हे त्यांनी दाखविले. आणि अशा या पुरुषाने १८९३ मध्ये आपल्या अल्पवयीन कन्येचा विवाह करून दिला. सुधारकांना ते जिव्हारी लागले. विरोधकांना हाती कोलीतच मिळाले.

या गोष्टीचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही. १८८६ च्या आपल्या एका व्याख्यानात, राजकीय सुधारणेआधी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे या मताला उत्तर देताना, जेथे विरोध कमी तेथून आधी पुढे जावे असा विचार त्यांनी मांडला होता. घरात विरोध सर्वांत अधिक असतो, हे त्या विचाराचे दुःखद परिशिष्ट म्हणावे लागेल. पूर्णपीठावरील सर्व सहकाऱ्यांच्या विरुद्ध एकट्याने लेखणी उचलणे त्यांना शक्य झाले. आपल्या ओटीवरच्या मंडळींविरुद्ध ते शक्य झाले नाही. पुत्राच्या जन्मसिद्ध हक्कासाठी ते लढले. कन्येच्या बाल्याचा हक्क मात्र घराच्या रीतीने गिळला. यात त्यांचा दोष आहे, पण तो त्यांच्या एकट्याचा नाही. त्या काळी त्यांना जसे घर होते तसेच आमच्या पणजोबांचेही होते, आणि तेथे भिन्नमत लिहिण्याची सोय नव्हती.

त्याच वर्षी, १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तेलंग कालवश झाले. त्या वेळी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या पदावर बसलेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ. त्यांच्या जागी उच्च न्यायालयात महादेव गोविंद रानडे आले, आणि १९०१ मध्ये रानडे निवर्तल्यावर त्यांच्या जागी होन्नावरचे नारायण गणेश चंदावरकर. नानाभाई, तेलंग, रानडे, चंदावरकर अशी ती परंपरा आहे, आणि तिच्या दोन कड्या आमच्या सारस्वत समाजातून आलेल्या आहेत याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

भिन्नमताचे पुढे काय झाले? मुंबईत पूर्णपीठाचा निर्णयच बंधनकारक राहिला. कारवार, बेळगाव, रत्नागिरीच्या घरांत मुलाला बापाच्या संमतीची वाट पाहावी लागली. इतर उच्च न्यायालयांनी मात्र मुलाला संमतीवाचून वाटणी मागता येते हाच पक्ष धरला. १९१६ मध्ये गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज हा मध्य प्रांतातून गेलेला एका मराठी कुटुंबाचा खटला विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. एकत्र कुटुंबातील कोणीही माणसाने वेगळे होण्याचा आपला निश्चय निःसंदिग्धपणे प्रकट केला की तो वेगळा झाला, त्याला इतरांच्या संमतीची गरज नाही, असे त्या वेळी ठरले. आणि तेथेही निर्णयाचा आधार संस्कृत ग्रंथांच्या वचनांत शोधला गेला. तो प्रश्न अपाजीच्या खटल्याहून थोडा निराळा होता; पण हक्क व्यक्तीचा आहे, इतरांच्या अनुज्ञेचा नाही, हे सूत्र तेच.

त्याहून मोठे वळण २००५ मध्ये आले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मानेच वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्धच आहे, त्यासाठी २००५ च्या त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, असे सांगितले. विज्ञानेश्वराने मुलासाठी जो शब्द वापरला, तोच आता मुलीसाठी वापरला जातो. १८९३ साली मुंबईच्या एका घरात ज्या बालिकेला कोणी काही विचारले नाही, तिच्यासारख्यांना हे फळ फार उशिरा मिळाले, असे म्हणावेसे वाटते.

गोमंतकातील आमच्या बांधवांचा मार्ग याहून वेगळा. तेथे १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली, आणि १८८० मध्ये तेथील हिंदूंच्या रूढींना काही बाबतींत मान्यता देणारा हुकूम निघाला. पती-पत्नींची अर्धी-अर्धी मालकी आणि मुलामुलींचा सारखा वारसा ही तेथील रीत. त्यामुळे एकाच कुळाच्या दोन शाखा, एक काळी नदीच्या अलीकडे कारवारात व एक पलीकडे काणकोणात, दोन निरनिराळ्या कायद्यांखाली नांदल्या. तेलंगांचा शब्द त्या काळी गोव्यात चालत नव्हता. आज मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८२ पासून गोव्यात आहे, आणि ज्या न्यायालयात त्यांनी आपले एकाकी मत लिहिले त्याच न्यायालयाच्या दारात गोमंतकीय माणूसही आपले गाऱ्हाणे नेतो.

देवस्थानांच्या सभांत, महाजनांच्या बैठकांत आणि घरच्या वाटण्यांत आजही ‘शास्त्रात असे आहे’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. ते वाक्य उच्चारणाऱ्याने ग्रंथ उघडून पाहिला आहे काय, असे विचारण्याचा रिवाज मात्र आपल्यात कमी आहे. तेलंगांनी तो रिवाज न्यायासनावर पाळला. ग्रंथ जेथे आपल्या मनाविरुद्ध बोलला तेथेही त्याचे ऐकले, आणि जेथे सर्वांच्या विरुद्ध बोलला तेथेही. घरी त्यांना तो पाळता आला नाही, हे आपण विसरू नये. जुनी वाटणीपत्रे पुन्हा घडी घालून पेटीत ठेवताना आमच्या मनात येते ते एवढेच: त्यांवर सह्या करणाऱ्यांत किती मुलगे होते हे मोजता येते, पण मुलींच्या सह्यांची जागा बहुतेक कोरीच आहे. ती भरण्याचे काम आता आपल्या हाती आहे, आणि त्याला कोणाच्या संमतीची अट राहिलेली नाही.